आबारावांचा मेनूबार

वडीगोद्रीच्या फाट्यावर उतरलं की आबारावांचं दुकान विचारावं लागत नसे. पाटी होती, पण हायवेच्या धुळीनं ती कधीच पुसट झाली होती आणि तिच्याकडे कुणी बघतही नसे. एसटीतून पाय खाली टाकला की आधी आवाज यायचा, मग दुकान दिसायचं. दारात कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा आणि घोंगड्या लोंबकळत असायच्या, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात मांडी घालून बसलेले आबाराव बोलत असायचे. गिऱ्हाईक असलं तर गिऱ्हाइकाशी, नसलं तर समोरच्या पंक्चरवाल्याशी, तोही नसला तर उभ्या ट्रकच्या क्लीनरशी.

घराणं मेंढ्यांचं. आबारावांचं निम्मं आयुष्य गोदाकाठानं मेंढ्यांमागं चालण्यात गेलं. पुढं थोडी जमीन झाली, मेंढ्या गेल्या आणि त्यांनी फाट्यावर बैलांच्या साजाचं दुकान टाकलं. इतकी वर्षं मेंढ्यांशीच बोलल्यामुळं उत्तर देणारी माणसं मिळाल्यावर त्यांना काय करू नि काय नको असं झालं असावं. कुणीही आला की त्यांचं ठरलेलं असे. "या, बसा. लई दिसानं." माणूस जन्मात पहिल्यांदा आलेला असला तरी हेच. मग गाव विचारायचं, गावावरून भावकी, भावकीवरून कुठलीतरी सोयरीक काढायची, तोवर चहा यायचा, आणि माणूस उठायला लागला की शेवटचं, "आता भाकरीच्या टायमाला कुठं निघाले? जेवून जा."

एकदा केदारखेड्याचा एक शेतकरी तुटका कासरा घेऊन भांडायला आला होता. तो पिठलं-भाकरी खाऊन, नवा कासरा आणि एक नवी मावशी घेऊन परत गेला. या सगळ्याचा भार अर्थात दुकानामागच्या घरात, चुलीपुढं बसलेल्या जयवंताबाईंवर पडायचा. "ह्यांनी बोलायचं अन् म्या थापायचं," असं त्या रोज म्हणायच्या आणि रोज चार भाकरी जास्तीच्या थापून ठेवायच्या.

मुलगा संपत मात्र मोजकं बोलणारा. घरातलं बहुतेक बोलणं बापानंच वापरून टाकल्यामुळं त्याच्या वाट्याला थोडंच आलं होतं. जालन्याला संगणकाचा कोर्स करून आल्यावर त्यानं दुकानाचा एक कोपरा प्लायवूड लावून वेगळा केला आणि तिथं टायपिंग-झेरॉक्स सुरू केलं. एका मासिकासोबत आलेल्या सीडीत त्याला पायथन नावाची, संगणकाला कामं सांगायची भाषा सापडली. गिऱ्हाईक नसलं की तो त्या भाषेत पडद्यावर छोट्या छोट्या खिडक्या बनवत बसायचा. आबारावांना त्यातलं काही कळत नसे, पण आलेल्या प्रत्येकाला ते सांगायचे, "आमचा पोरगा काचंतून घर बांधून राह्यला."

दोन हजार चार सालच्या दिवाळीनंतरच्या थंडीत एका सकाळी आबाराव उठले ते वाकडं तोंड घेऊनच. उजवा हात अंथरुणावर पडलेला आणि जिभेवर जणू कुणी वरवंटा ठेवलेला. जालन्याच्या दवाखान्यात काढायचे ते दिवस काढून झाले. डॉक्टर म्हणाले, "डोकं शाबूत आहे. ऐकतात, समजतं, वाचतासुद्धा येईल. हात थोडा थोडा सुधारेल. जिभेचं मात्र मी काही सांगू शकत नाही." आबाराव घरी आले. चालायला लागले. बोलायला गेले की घशातून नुसता जाड आवाज निघायचा, आणि तो ऐकून ते स्वतःच थांबायचे.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. दुखण्यातल्या माणसाला भेटायला जाणं ही आपल्याकडची चांगली रीत आहे, पण ती पाळताना माणसं फार विचित्र वागतात. आलेला माणूस आबारावांच्या समोर बसायचा आणि त्यांच्या डोक्यावरून जयवंताबाईंशी बोलायचा. "जेवतेत का बराबर?" "झोप लागती का?" आणि हमखास आवाज खाली आणून, "ओळखतेत का?" आबाराव समोर बसून सगळं ऐकायचे. ज्या माणसानं आयुष्यभर वाटसरूंच्या सुद्धा ओळखी काढल्या, त्याच्याबद्दल, तो ओळखतो का!

काही दिवसांनी आबारावांनी दुकानात येणं सोडलं. कुणाची चाहूल लागली की ते उठून मागच्या खोलीत जायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. त्यांचा जुना दोस्त कडूबा, जो वीस वर्षं रोज भांडायला यायचा, तोही येऊन थोडा वेळ घोंगड्यांच्या थप्पीवर बसायचा आणि काही न बोलता निघून जायचा. संपतला एकच भीती वाटत होती. माणूस जिवंत आहे, आणि तरी घरातून रोज थोडा थोडा निघून चालला आहे. असंच आणखी चाललं तर तो परत यायचा नाही.

बोलणाऱ्याला बोलता येत नसेल तर बोलणं त्याच्या हाताशी आणून ठेवायचं, एवढं साधं त्याच्या डोक्यात आलं. आबारावांना वाचता येत होतं. चौथीपर्यंतची शाळा आणि पुढं रोजचा पेपर, एवढं पुरेसं होतं. संगणकावरच्या कुठल्याही खिडकीच्या माथ्यावर एक आडवी पट्टी असते. तिच्यावर चार-सहा शब्द असतात. शब्दावर टिचकी मारली की खाली पडद्यासारखा एक चौकोन उतरतो, त्यात आणखी शब्द. त्यातला हवा तो निवडायचा. या पट्टीला मेनूबार म्हणतात. संपत बापाला अण्णा म्हणायचा. अण्णांनी त्यातला शब्द निवडावा आणि मशीननं तो मोठ्यानं बोलावा, असं संपतनं ठरवलं.

पायथनमध्ये हे काम अवघड नव्हतं, पण संपतनं ते पूर्वी कधी केलं नव्हतं. आधी खिडकी करायची. मग पट्टी करायची. मग एकेक मेनू तयार करून पट्टीला अडकवायचा, मेनूत एकेक ओळ भरायची आणि प्रत्येक ओळीला एक काम नेमून द्यायचं, की हिच्यावर टिचकी पडली की हा आवाज वाजव. देवनागरी अक्षरं सरळ दिसावीत म्हणून विंडोजच्या सेटिंगमध्ये डोकं खाजवत बसला ते वेगळंच. आवाज त्यानं स्वतःचाच भरला. बापलेकांचा आवाज इतका सारखा होता की फोनवर पाहुणे नेहमी फसायचे आणि संपतला "काय आबाराव" म्हणून अर्धं बोलणं करून टाकायचे.

सगळं लिहून झाल्यावर त्यानं प्रोग्रॅम चालवला. खिडकी उघडली, पण कोरी. माथ्यावर काहीच नाही. संपतनं सगळ्या ओळी पुन्हा तपासल्या. पट्टी होती, मेनू होते, शब्द होते, कुठंही चूक दाखवत नव्हतं. सगळी दुपार अशी गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की ही पट्टी तुझी आहे हे खिडकीला सांगायचंच राहून गेलंय. घुंगरमाळ ओवून तयार होती, बैलाच्या गळ्यात घालायची राहिली होती. त्यानं ती एक ओळ लिहिली आणि पट्टी खिडकीच्या माथ्यावर येऊन बसली.

आवाज जोडल्यावर दुसरीच गंमत झाली. त्यानं प्रोग्रॅम सुरू केला आणि खिडकी उघडायच्या आधीच स्पीकरमधून एका दमात सुरू झालं, "पाणी पाहिजे. औषध द्या. दुखून राह्यलं. झोपायचंय. लाइट बंद करा."

बाहेर थप्पीवर बसलेला कडूबा ताडकन उभा राहिला. "आरं संपत, कुणाचं काय दुखून राह्यलं? जल्दी डाक्टरला बोलव!"

"कुणाचं न्हाई काका. मशीन बोलून राह्यलं."

"मंग मशीनला दाखव डाक्टरला."

चूक अगदी बारीक होती. प्रत्येक ओळीला काम नेमून देताना संपतनं कामाच्या नावापुढं कंसांची जोडी ठेवली होती. पायथनमध्ये नुसतं नाव लिहिलं की ते काम टिचकीची वाट बघत राहतं. पुढं कंस लावले की त्याचा अर्थ, आत्ताच कर. म्हणून मशीन मेनू ओवता ओवताच एकेक काम उरकत सुटलं होतं. संपतनं कंस काढले आणि मशीन गप्प झालं. आता ते कुणीतरी टिचकी मारायची वाट बघत होतं.

त्यानं आबारावांना हाताला धरून आणलं, खुर्चीवर बसवलं आणि माउस डाव्या हाताशी ठेवला. आबारावांनी पट्टीकडं पाहिलं. तिच्यावर दोनच शब्द होते, 'पाहिजे' आणि 'त्रास'. संपतनं दोन्ही मेनू उघडून दाखवले. पाणी, औषध, झोप, लाइट, संडास. दुखतंय, चक्कर, थंडी. आबारावांनी सगळं नीट वाचलं, वरपासून खालपर्यंत. मग माउसवरचा हात उचलला, उठले, आणि सावकाश चालत मागच्या खोलीत गेले.

संपतला फार लागलं. रागही आला. तो स्वयंपाकघरात जाऊन उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "इतकं केलं माय, अन् अण्णांनी एकदा दाबूनसुद्धा पाह्यलं न्हाई."

जयवंताबाई पीठ मळत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "काय काय लिव्हलं त्यात?"

संपतनं सांगितलं.

"अन् पाणी त्यांला मागावं लागलं तर मंग मी कशाला हाय?" त्या म्हणाल्या. "तीस वर्सं झाली, मागायच्या आधी तांब्या जातो. औषधाचं बी मलाच ठावं. त्यांनी कधी ह्या घरात स्वतःसाठी काही मागितलेलं ऐकलंस का तू?"

संपतनं नीट आठवून पाहिलं. खरंच ऐकलं नव्हतं. त्यानं दवाखान्यातल्या खाटेवरच्या पेशंटसाठी प्रोग्रॅम केला होता, आणि त्या नावाचा कुणी माणूस या घरात राहत नव्हता. तो उठला, बाहेर येऊन कडूबाच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "काका, अण्णा दिवसभर काय बोलायचे?"

कडूबाचा चेहरा कित्येक दिवसांनी खुलला. त्यानं आधी घसा साफ केला आणि मग आबारावांच्या ठसक्यात एकेक वाक्य काढून दिलं. या बसा. लई दिसानं. गाव कोणतं म्हणायचं? घरी समदे खुशाल? चहा घेतल्याबिगर उठायचं न्हाई. माल बिलकुल एक नंबर. आणि मला काय काय म्हणायचा ते सांगू का, असं विचारून त्यानं तेही सांगितलं. गप ए. खोटं बोलून राह्यला तू. चल हट, चोर कुठला. बरं, तुझंच खरं. "हे शेवटचं वीस वर्सात एकदाच म्हणला आबाराव," कडूबा म्हणाला, "पर ते घाल. माझ्या हक्काचं हाय."

नव्या पट्टीवर जुन्यातलं काही राहिलं नाही. पाहुणा दारात येतो तिथून तो परत निघतो तिथपर्यंत जसं बोलणं होतं, त्याच क्रमानं संपतनं डावीकडून उजवीकडं मेनू लावले. 'या बसा', मग 'खुशाली', मग 'दुकान', मग 'भांडण', आणि शेवटी 'निघताना'. बायकोला आणि दोस्ताला हाक मारायला एक 'हाका'चा मेनूही जोडला. त्यात जयवंताबाईंसाठी "ऐकलं का" आणि कडूबासाठी "आरं कडू". भांडणाचा मेनू बघून जयवंताबाई म्हणाल्या, "हे कशाला रे? चांगलं चांगलं घालावं."

"त्याच्याबिगर काका येतेल का?" संपत म्हणाला.

या वेळी आबाराव खुर्चीवरून उठले नाहीत. त्यांनी पट्टी वाचली आणि त्यांचा वाकडा ओठ हलला. माउस सरकवत ते 'भांडण'पर्यंत गेले. पण डावा हात सवयीचा नव्हता आणि थरथरत होता. पडदा उतरायचा, हात घसरायचा, माउसचा बाण भलतीकडं पडायचा आणि पडदा गायब व्हायचा. तीनदा-चारदा असं झालं. आबारावांच्या कपाळावर घाम आला. संपतला वाटलं, आता हे पुन्हा उठून जाणार.

पायथनच्या या मेनूंमध्ये सगळ्यात वर एक तुटक तुटक रेघ असते. ती कशाला असते हे बहुतेकांना ठाऊक नसतं आणि शिकवणारे म्हणतात, काढून टाका, बरी दिसत नाही. संपत ती काढायला विसरला होता. आबारावांचा थरथरता बाण नेमका त्या रेघेवर पडला, आणि अख्खा 'भांडण' मेनू पट्टीपासून सुटून खिडकीच्या बाजूला स्वतंत्र येऊन बसला.

"थांबा अण्णा, हे बिघडलं," म्हणत संपत पुढं झाला. ती रेघ एका शब्दात बंद करता येते हे त्याला आठवलं होतं. पण आबारावांनी डावा हात माउसवरून काढून त्याच्या मनगटावर ठेवला आणि त्याला थांबवलं. सुटलेला मेनू आता पळत नव्हता. हात घसरला तरी तो जागचा हलत नव्हता, आबाराव कितीही वेळ घेऊन येईपर्यंत तसाच उघडा बसून होता. त्यांनी बाण सावकाश नेला, खाली टेकवला, टिचकी मारली.

"खोटं बोलून राह्यला तू," मशीन म्हणालं.

कडूबा दारातच उभा होता. तो काहीच बोलला नव्हता, त्यामुळं खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. पण तो दोन ढांगांत आत आला, पंच्यानं डोळे पुसले आणि ओरडला, "म्या खोटं? आरं तू खोटं! तुझा बा खोटा!" मग तो बराच वेळ आबारावांना शिव्या देत राहिला आणि आबाराव मन लावून ऐकत राहिले, मधूनच एखादी टिचकी मारत.

संपतनं ती तुटक रेघ तशीच ठेवली.

त्यानंतर आबाराव दुकानात यायला लागले. संगणकाचं टेबल प्लायवूडच्या आडून पुढं, दारापाशी आलं. लोडशेडिंगच्या वेळा आबारावांना पाठ झाल्या. लाइट जायच्या आधी ते घाईघाईनं दोन-चार वाक्यं उरकून घ्यायचे. तरीसुद्धा ते फक्त कडूबाशी आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांशी बोलत. नातेवाईक आले की हात माउसवरून निघायचा आणि डोळे आतल्या दाराकडं जायचे. 'ओळखतेत का' हे त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

अशात एक दिवस व्याही आले. आबारावांची मुलगी ज्या घरात दिली होती त्या घरचे कर्ते, रायभान. पांढरंशुभ्र धोतर, ताठ मान, शब्दाला जपणारा माणूस. मुलीकडच्यांनी व्याह्यांशी किती वाकून बोलायचं असतं हे सांगायला नको. दवाखान्यातून आल्यावर ते भेटायला आले होते तेव्हा त्यांनीही तेच विचारलं होतं. आताही ते खुर्चीवर बसले आणि आतून पाणी घेऊन आलेल्या जयवंताबाईंकडं वळले. "विहीणबाई, कसंय मंग? ओळखायला लागले का व्याही?"

आबारावांचा हात माउसवरून निघायला लागला होता. तो थांबला. मग बाण हळूहळू सरकला.

"या, बसा. लई दिसानं."

रायभान दचकले. त्यांनी आधी मशीनला नमस्कार केला, मग चूक ध्यानात येऊन आबारावांना. आबारावांना आता हुरूप आला. त्यांनी 'खुशाली'चा मेनू ओढून सोडवला. सकाळी कडूबाशी वाद घालताना सोडवलेला 'भांडण' मेनू तिथंच शेजारी पडून होता. त्यांना विचारायचं होतं, घरी समदे खुशाल? बाण निघाला, बरोबर ओळीपाशी आला, आणि शेवटच्या क्षणी हात थरथरला.

"चल हट, चोर कुठला!" मशीन ठणठणीत आवाजात म्हणालं.

जयवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. संपतची बहीण त्या घरात नांदत होती आणि त्याच्याच आवाजात तिच्या सासऱ्याला चोर म्हटलं गेलं होतं. रायभानांची मान आणखी ताठ झाली. आबारावांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. ते भराभर बाण फिरवू लागले, या मेनूतून त्या मेनूत, वरून खाली, खालून वर. माफीचा शब्द शोधत होते. तो नव्हता. संपतनं घातलाच नव्हता, कारण कडूबानं सांगितलेल्या बोलण्यात तो कुठंच नव्हता. शेवटी आबारावांनी 'निघताना' उघडला आणि त्यांच्याकडं होतं नव्हतं ते सगळं त्या एका ओळीवर लावलं.

"जेवून जा." आणि पुन्हा, "जेवून जा." आणि परत एकदा, "जेवून जा."

रायभान बघत राहिले. समोर बसलेला माणूस घामाघूम झाला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि थरथरत्या डाव्या हातानं तो आपल्याला जेवायचा आग्रह करत होता. त्यांच्या मिशा आधी हलल्या. मग ते मोठ्यानं हसले, इतके की समोरचा पंक्चरवाला डोकावून गेला.

"आत्ता पटलं," ते म्हणाले. "ओळखतेत. बिलकुल बराबर ओळखतेत!" आणि खुर्ची जयवंताबाईंकडून फिरवून त्यांनी आबारावांसमोर आणली. "व्याही, घरी समदे खुशाल हायेत. पोर तुमची खुशाल हाय. आता जेवूनच जातो, पर आधी चोर का म्हणले ते सांगा."

त्या दिवशी दोघं व्याही शेजारी बसून जेवले. त्यानंतर आबाराव कुणालाच बघून आत गेले नाहीत. संपतनं एक माफीचा शब्द मेनूत घातला, पण तो कुणी वापरलेला त्यानं कधी ऐकला नाही.

पोळ्याच्या आधीचा आठवडा हा या दुकानाचा खरा सीझन. माणसं दारात मावत नव्हती. आबाराव आपल्या जागी बसून 'दुकान' मेनूवर टिचक्या मारत होते, कडूबा माळा मोजून देत होता आणि संपत हायवेच्या पलीकडं टेम्पोतून माल उतरवून घेत होता. तेवढ्यात त्याला कडूबा धावत येताना दिसला.

"चल जल्दी. तुझा बाप चिडलाय. टेबलावर हात आपटून राह्यला. म्या 'पाणी का' विचारलं, तर मलाच मारायला उठला."

संपत पळत आला. आबाराव लाल झाले होते. त्यांनी संपतला बघून पडद्यावर 'हाका'च्या मेनूकडं बोट दाखवलं, मग संपतकडं, मग पुन्हा पडद्याकडं.

"माउस बिघडला का? आवाज येत न्हाई का?" संपतनं विचारलं.

आबारावांनी मान जोरात हलवली आणि पुन्हा तेच केलं. पडद्याकडं बोट, संपतकडं बोट. संपतनं त्या मेनूतल्या ओळी वाचल्या. ऐकलं का. आरं कडू. पुढं कधीतरी घातलेला पंक्चरवाला होता, चहावाला होता, शेजारची सोनूबाई होती. आणि मग त्याला दिसलं. फाट्यावरच्या सगळ्यांना हाक मारायची सोय त्यानं केली होती. स्वतःला मारायची केली नव्हती. तो नेहमी समोरच असायचा, आणि आपलंच नाव आपण माइकसमोर घ्यायचं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके महिने अण्णा सगळ्या जगाला बोलावत होते आणि त्यांना पोराला बोलावता येत नव्हतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर संपत माइक घेऊन बसला. जयवंताबाई आणि कडूबाही येऊन बसले. संपत लाजला. घसा खाकरून हळूच म्हणाला, "संपत."

त्यानं ते वाजवून दाखवलं. आबारावांनी मान हलवली. नाही.

"आरं, असं कधी म्हणलेत का ते तुला?" जयवंताबाई म्हणाल्या.

कसं म्हणतात ते संपतला चांगलं माहीत होतं. लहानपणी विहिरीवर असो की चिंचेवर, शाळेच्या मैदानात असो की अंबडला जाणाऱ्या एसटीच्या खिडकीत, ती हाक त्याला गाठायचीच. मोठा झाल्यावर चारचौघांत ती आली की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि ती थांबून आता कितीतरी महिने झाले होते. त्यानं माइक थोडा लांब धरला, छाती भरून श्वास घेतला आणि दुकानभर ओरडला,

"संप्याऽऽ! आरं ए संप्याऽऽ!"

शेवटी आवाज फाटला. त्यानं तो तसाच ठेवला. मेनूत एक ओळ वाढवली, तिला काम नेमून दिलं, खिडकी बंद करून पुन्हा उघडली आणि माउस आबारावांच्या हाताशी सरकवला.

आबारावांनी वेळ घेतला. मेनू सोडवून बाजूला ठेवला, बाण शेवटच्या ओळीवर नेला, हात स्थिर होईपर्यंत थांबले आणि टिचकी मारली. हाक दुकानातून बाहेर पडली, हायवे ओलांडून गेली. समोरचा पंक्चरवाला उठून बघायला लागला.

संपत त्यांच्या अगदी शेजारी, मांडीला मांडी लावून बसला होता. तरी तो उभाच राहिला.

"आलो, अण्णा," तो म्हणाला.